राहिलेल्या चाळीस फेऱ्या

मी राखतो त्या बंगल्याच्या गेटाला तेल घातलं की त्या वासानं मला ती संध्याकाळ आठवते. मळवलीच्या आमच्या पडवीत माझी बायको मंदा चाकाच्या खुर्चीत बसून, टेबलाला ठोकलेली, नुकतंच तेल घातलेली सायकलची पायडलं हातानं फिरवत होती. आंब्यावरून पडून तिचा मणका मोडलेला. पाय गेले तरी काळजाला कसरत पायजे, असं डॉक्टर म्हणालते. कपाळ घामानं निथळत होतं, पाय मात्र कोरडे, गार.

"अवो, बास करू?"

"चाळीस राह्यल्यात. आळशी हायेस."

"उद्या करीन." तिनं हात काढले. पायडलं थांबंनात. "बघा, माझ्याबिगार बी फिरत्यात." तवा मी हसलो.

त्याच रात्री झोपेतच गेली ती. सकाळी माणसं जमायच्या आधी मी पायडलं धरली. मुठी घामानं अजून ओल्याच होत्या. चाळीस फेऱ्या केल्या. शेवटच्या दहाला मी नुसते हात ठेवलेवते, पायडलं आपली आपण फिरत होती.