माणिकबाईच्या बैलांचा रंग

राजापेठेत फुलांचे हार विकणारी माणिकबाई तोंडाची मोठी फटकळ. कोणी फार घासाघीस केली की हार सरळ टोपलीत परत टाकायची. पण पोळा जवळ आला की हीच बाई लेकरांशी लाडात यायची. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल मिरवतात ना, ते बैल अख्खी गल्ली तिच्याकडूनच घ्यायची.

गेल्या साली तिनं एका नव्या व्यापाऱ्याकडून लालभडक बैल आणले. पाहता पाहता संपले. बाई खुशीत!

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी नात पिंकीनं पुरणपोळीचा घास बैलाच्या तोंडाला लावला आणि प्रसाद म्हणून तोच आपल्या तोंडात टाकला. माणिकबाई पाहते तर काय, पोरीचे ओठ लाल! तिनं बोट घालून घास बाहेर काढला, चूळ भरायला लावली. ओल्या पदरानं बैल पुसला, तर पदरही लाल. संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं गल्लीतली सारी लेकरं हेच करणार होती.

"माय, गप राय," मुलगा शेखर म्हणाला. "कोणाले समजते? उद्या कोण येईन आपल्या दुकानात?"

"नाही आले त नाही आले. लेकरं आजारी पाडून धंदा करू काय मी?"

संध्याकाळी तोरणाखाली बैल लागले, पुरणाची ताटं आली. माणिकबाई मध्ये जाऊन उभी राहिली. आवाज खणखणीत.

"थांबा! घास भरवू नका. हे बैल मीच इकले. याचा रंग सुटून राहिला. त्यात काय कालवलं हाय, मले मायीत नाही. बैल वापस द्या, पैसे घेऊन जा."

गल्लीतलीच वकील अश्लेषा आपल्या लेकाला, ईशानला कडेवर घेऊन तणतणत पुढं आली. "विकायच्या आधी बघता नाही आलं? पोराला काही झालं असतं तर?"

"खरं हाय बाई. चुकलंच माझं."

एरवी एकाला चार सुनावणारी ती, एवढं बोलून मान खाली घालून पैसे मोजू लागली. लेकरांनी भोकाड पसरलं, पण बैल पोत्यात गेले. त्यातला एकही पुन्हा विकला गेला नाही.

यंदा तिनं सुताराकडून बिनरंगाचे बैल घडवून घेतले. खिळा नाही, टोकदार शिंग नाही, वरून नुसता हळदीचा हात. ते मांडून ती रस्त्याकडं डोळे लावून बसली. सकाळ गेली, कोणी थांबेना.

दुपारी एक स्कूटी थांबली. अश्लेषा! तिनं बैल उलटापालटा करून पाहिला. "तोंडात गेला तर चालेल ना?"

माणिकबाईनं बैल उचलला आणि भर रस्त्यात त्याचं नाक चाटलं.

"कालपासून साऱ्याइले चाटून बसली मी. आता तूच सांग, अजून कसं पाहू?"

अश्लेषाला हसू आवरेना. "दोन द्या," ती म्हणाली. "शेजारणीनंही सांगितलंय, बैल आणशील तर माणिकबाईकडूनच आण."