कमलम्माच्या बोअरची मोटर

मी मन्मथ, उदगीरचा. इंजिनिअर झालो आणि नोकरी न लागल्यानं वडिलांच्या किराणा दुकानात गूळ तोलू लागलो. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात मात्र माझ्या विद्येची आठवण निघाली. उदगीर जिल्हा होणार, असं तेव्हा रोज कुणीतरी सांगायचं. नळाला पाणी कधी येणार, ते कुणी सांगत नव्हतं. गल्लीची सारी भिस्त कमलम्माच्या अंगणातल्या बोअरवर. पाणी खाली गेलं की मोटर कोरडी फिरून जळायची भीती. ती जळाली असती तर गल्लीचे हाल कुत्र्यानंही खाल्ले नसते. मी उचलली जीभ, लावली टाळ्याला: "पाणी सरलं की मोटर बंद करणारं यंत्र मी करतो!"

सी भाषेत प्रोग्राम लिहिला. लॅपटॉपवर झकास चालला. पण चालवायचा होता मोटरीजवळच्या चिमुकल्या बोर्डावर, आणि त्याचा प्रोसेसर वेगळ्या वाणाचा. माझा प्रोग्राम त्याच्या भाषेत उतरवणारा कंपायलर बसवला. तो मुकाट्यानं मानला. पण सगळे तुकडे जोडणारा लिंकर अडून बसला. म्हणे, एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, सापडत नाही. आमच्या दुकानाचा नियम असा की घरात माल असताना बाहेरून आणायचा नाही. मी लॅपटॉपचीच लायब्ररी त्याच्यापुढे ठेवली. ही चालत नाही, म्हणाला. दुसरी ठेवली, तीही लॅपटॉपचीच! बरेच दिवस लिंकरला शिव्या घातल्यावर अक्कल आली की बोर्डाला बोर्डाचीच लायब्ररी लागते. ती आणली, लिंकरला तिचा पत्ता दिला, आणि स्वारी गप्प झाली.

गल्ली जमली. कमलम्मानं बोर्डाला विभूती लावली. मी बटण दाबलं. मोटर सुरू झाली आणि लगेच बंद पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आदल्या दिवशी तर चार घागरी पाणी आलं होतं.

"इंजिनिअर साब, तुमचं यंत्र लई कामचोर निघालं," मोटरी दुरुस्त करणारा ताहेर म्हणाला. सगळे हसले. मलाही माझ्या मूर्खपणाची पक्की खात्री होती. तिथंच ओट्यावर लॅपटॉप उघडून सगळं पुसलं, नव्यानं कंपाइल केलं, लिंक केलं. मोटर तशीच बंद पडली.

मग ताहेरनं दोरीला दगड बांधून बोअरमध्ये सोडला. तळाला टेकवून वर काढला, तर दगड कोरडा.

यंत्र बरोबर होतं. मोटर वाचली होती. जन्मात पहिल्यांदा माझं काही चुकलं नव्हतं, आणि मला रडू फुटलं.

कमलम्मानं दगडावरून बोट फिरवून पाहिलं. मग ओट्यावरचा लॅपटॉप उचलून माझ्या हातात दिला.

"मन्मथा, आणखी एकदा करून बघ की रे. तुझंच कायतरी चुकलं असंल."