मोटारखान्यावरचं पेव

सन एकोणीसशे सत्तावन्न. मी चोवीस वर्षांचा होतो, लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं, आणि घरात माझ्या शब्दाला बैलाच्या घंटीएवढी किंमत नव्हती. घंटी वाजली तर निदान माणूस मागं वळून पाहतो.

बाप मी लहान असतानाच गेला. जमीन दोघा भावांची, पण कारभार सगळा चुलत्याच्या हातात. त्या साली संक्रांतीच्या आसपास चुलत्यानं जालन्याहून लष्करातली एक जुनी जीप आणली. हसनाबादकडच्या आमच्या गावात तवर मोटार फक्त धूळ उडवत निघून जायची, मुक्कामाला कधी थांबली नव्हती. मंग जीप उन्हात कशी ठेवायची? तिच्यासाठी दगडी भिंतीचा मोटारखाना बांधला, त्याच्यावर नवेकोरे पत्रे टाकले, आणि पत्र्याच्या खाली फळ्यांचा माळा केला.

आमची घरं धाब्याची. हातभर जाड मातीचं छत आणि त्याला मधोमध एक भोक. त्याला आम्ही साणं म्हणतो. साण्यातून उजेड येतो, धूर जातो, पाऊस आला की वर चढून त्याच्यावर दगड ठेवायचा. घराला जशी चूल तसं साणं. पण पत्रा आला आणि माणसं साणं विसरली. पत्रा चकाकतो एवढंच त्यांनी पाहिलं. तो तापतो हे कुणी हात लावून पाहिलं न्हाई.

आदल्या पावसाळ्यात आमच्या पेवात पाणी शिरलं होतं. पेव म्हणजे जमिनीतली खोल कोठी. त्यात जवारी भरायची, तोंड शेणामातीनं गच्च लिंपायचं, वारा म्हणून शिरू द्यायचा न्हाई. अशी जवारी वर्षं वर्षं टिकते. पाणी शिरल्यापासून चुलत्यानं पेवाचा नाद सोडला आणि ठरवलं की औंदा सगळं धान मोटारखान्याच्या माळ्यावर. खायचंबी आणि पेरायचं बियाणंबी. बांबूच्या कणगीतलं बी उंदीर खातात म्हणे.

मंग त्यानं माळ्याचं काय केलं? पेवाचं करतात तेच केलं. पत्रा आणि भिंत यांच्यातली एकूणएक फट लिंपून घेतली. चिमणीची चोच शिरली नसती. दार होतं तेवढं एक, त्यालाबी कडेनं माती.

मी खाली उभा होतो. म्हणलं, "काका, समोरासमोर दोन झरोके ठेवा. न्हाईतर वाफ जाणार कुठून?"

"पेवाला झरोका असतो का रे?"

"पेव जमिनीत असतं, काका. तिथं गारवा. हे तर उन्हात टांगलंय. आणि खाली तुमची जीप फुरफुरून राह्यली."

"दोन यत्ता शिकला, त्याबी उर्दूत, आणि मला पेव शिकवून राह्यला!" चुलता गवंड्याकडं पाहून म्हणाला. गवंडी हसला. त्याला हसावंच लागलं, जेवण चुलत्याकडंच होतं.

"बरं, मंग बी तरी तिथं ठेवू नका. पेवातल्या जवारीची भाकर करतात. तिचं बी कुणी धरतं का?"

"हे काय पेवय? माळाय हा!"

आता सांगा. वारा मागितला की ते पेव, आणि बी काढा म्हणलं की तो माळा. माणसानं एका तरी जागी उभं राहावं. आजबी पोरं विचारतात, आजोबा, मोटारीच्या खोलीवर माळा काढला तर त्याला हवा लागते का? लागते! डोक्यावर पत्रा तापत असंल तर गोठ्याला लागते, माणसाला लागते, दाण्यालाबी लागते. दाणा काय दगड आहे? त्याच्यात जीव असतो. हे सांगायला यत्ता कशाला लागतात?

उन्हाळा गेला. पाऊस झाला. पोळ्याला बैलांच्या झुली काढायला मी माळ्याचं दार उघडलं तर आतून असा ऊन ऊन, आंबूस वास आला की मी मागंच सरलो. पत्र्याला खालून थेंब लोंबत होते. पोत्यात हात घातला, दाणे कोमट लागले. चुलत्याला हात धरून आणलं.

"पावसाळाय. ओल येणारच," त्यानं सांगितलं आणि दार पुन्हा लिंपून घेतलं. जल्दी लिंपा म्हणाला, वारा लागतोय.

मंग नवरात्र आलं. आमच्यात घटाला बाजारचं धान चालत न्हाई. जे रानात पेरायचं तेच बी घटाला. देवीपुढं पत्रावळीवर रानातली काळी माती पसरायची, तिच्यात बी टाकायचं, मधी पाण्याचा घट. रोज पाणी शिंपायचं. कोंब जसे येतील तसं रान येणार. ह्या वर्षी पाणी घालायचा मान माझ्या बायकोला मिळाला. पहाटे न्हाऊन, ओल्या केसांनी, कुणाशी न बोलता ती पाणी शिंपायची. तिचा तो मान पाहून मला बरं वाटत होतं. घरात आमच्या वाट्याला दुसरं काय होतं?

तिसऱ्या दिवशी माती तशीच. चौथ्या दिवशी चुलतीनं बोटानं माती उकरून पाहिली. पाचव्या दिवशी गल्लीतल्या बायका दर्शनाला आल्या, आणि देवीकडं कमी, पत्रावळीकडं जास्त पाहू लागल्या. शेजारच्या घटाला बोटभर कोंब होते. आमच्या मातीला आंबूस वास सुटला होता. माळ्यावरचाच वास. पण नाकं असून ते कुणाला कळलं न्हाई.

चुलतीनं समद्यांसमोर विचारलं, "खरं सांग बाई, तू बाहेरची झालीस आणि दडवलंस ना?"

बायको म्हणाली, "न्हाई, सासूबाई. देवीची आण."

"मंग घट काऊन उगवत न्हाई?"

एक म्हातारी, आमच्या लांबच्या नात्यातली आत्या, पदर तोंडाला लावून म्हणाली, "विटाळाशिवाय असं होत न्हाई गं बाई."

बायकांच्या आडोशाची गोष्ट अंगणात आणली. पुरुष बसलेले, पोरं खेळून राह्यलेली, आणि तिथं माझ्या बायकोच्या अंगाची चौकशी. माझं डोकं असं फिरलं की मी चपला घालूनच देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्तो.

"बी मेलंय," मी म्हणलं. "माळ्यात शिजलंय ते. हिचा काय संबंध?"

चुलता लोडाला टेकून होता. "शिजलंय? मंग वाढ ताटात. मीठ टाकून खाऊ." समदे हसले.

"दुसरं बी आणा. शेजाऱ्याच्या कणगीतलं आणा आणि हिच्याच हातानं टाका. पाहू उगवतंय का."

"घट काय गाजरं आहेत, पुन्हा लावायला? देवीशी वाद घालतोस?"

"देवीशी न्हाई काका. पत्र्याशी."

ते त्याला झोंबलं. पत्रा म्हणजे त्याची इज्जत होती. तो उठून बसला आणि म्हणाला, "उद्या सकाळी जीप काढतो. हिला धावड्याला माहेरी सोडून येऊ. दसरा झाला की पाहू काय करायचं ते. बिलकुल दुसरी बात न्हाई."

तिनं ऐकलं. भांडी विसळता विसळता मला म्हणाली, "आवं, माहेर काय मला परकं न्हाई. जाईन. पर असं पाठवलं तर तिथं आईला काय सांगू? घट माझ्यामुळं मेला म्हणून? माझी धाकटी बहीण लग्नाची हाय. तिला कोण करून घेईल?"

एवढंच बोलली. रडली न्हाई. रडली असती तर मी समजूत घातली असती आणि गप बसलो असतो. ती न रडता घासत राहिली, आणि मला माझ्या गप बसायचीच चीड आली. उन्हाळ्याआधीपासून मी झरोके मागत होतो. मागून मिळत न्हाई हे मला समजायला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच बायकोला म्हणलं, "जीपमधी बसू नको. कुणी काहीबी म्हणो, चुलीपुढून हलू नको." माळ्यावर चढलो, लाथ मारून दाराची माती पाडली, बियाच्या पोत्यातलं बी उपरण्यात भरलं आणि गल्लीत निघालो. आदल्या दिवशी ज्या ज्या घरची बाई आमचा घट पाहायला आल्ती, त्या त्या घरी थांबलो आणि एकेक मूठ दिली.

लांबची आत्या म्हणाली, "हे काय रे, सकाळी सकाळी?"

"आमच्या देवीपुढं टाकलं तेच बी हाय, आत्याबाई. तुमच्या हातानं मातीत टाका. तुमी तर सोवळ्यातल्या. तुमच्या अंगणात माझ्या बायकोनं पाऊल टाकलेलं न्हाई, तुमचं पाणी तिनं शिवलेलं न्हाई. उगवलं तर बोलवा मला, मी हिला सोत्ता धावड्याला नेऊन सोडतो. आणि न्हाई उगवलं तर आमच्या अंगणात या. काल जिथं बोलल्या तिथंच उभं राहून बोला."

तिनं मूठ घेतली. न घेऊन करते काय, शेजारणी दारात उभ्या होत्या.

परत आलो तर चुलता मोटारखान्यापुढं जीप चालू करायचं हँडल हातात घेऊन उभा होता. कुणीतरी त्याला आधीच सांगितलं असणार, तोंड लाल झालं होतं. मी त्याच्या हातातलं हँडल काढून घेतलं आणि उपरण्यात उरलेली मूठ त्या हातावर ठेवली.