काचेवरचे चाळीस थर

सांगलीच्या कॉलेजात पीएचडी करताना माझं काम एकच. बोटाएवढी काच द्रावणात बुडवायची, पाण्यात खंगाळायची, परत बुडवायची, परत खंगाळायची. चाळीसदा. मग भट्टीत भाजायची. काचेवर आधी कथिलाच्या आणि वर तांब्याच्या ऑक्साइडचे पातळ थर बसत. सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू लागला की त्यांचा विजेला असलेला विरोध कमी व्हायचा आणि मीटरचा आकडा घसरायचा.

कडेगावजवळच्या आमच्या घरी गेले की काका विचारायचे, "अजून भांडीच घासतीस व्हय गं?" काका फौजेतून निवृत्त झालेले, आणि स्वतःच्या नाकावर त्यांचा भारी विश्वास. मी चिडायचे, आणि चिडले की लपवायचे नाही.

त्या रविवारी गोबर गॅसची टाकी तुंबली. काकांनी झाकण काढून बांबूनं ढवळलं, तसा सडक्या अंड्यांचा वास सुटला. काही वेळानं ते म्हणाले, "वास गेला. म्हंजे गॅस उडाला. आत उतरून गाळ काढतो आता." आमच्याकडे सगळे असंच ठरवतात. पण हा वायू वाढला की आधी नाकच बधिर करतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

काच आणि मीटर बॅगेतच होते. टाकीत नळी सोडून मी मोठ्या सिरिंजनं हवा ओढली आणि लांब ओसरीवर, काच तापवून ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात सोडली. आकडा धाडकन खाली आला.

"तुझी काच बिघडलीया," म्हणत काका धोतर खोचू लागले.

मी झाकण टाकीच्या तोंडावर ओढलं आणि वर मांडी घालून बसले.

"ऊठ गं."

"न्हाई उठणार. मला उचलून बाजूला ठेवा, मग उतरा."

भावकी जमली होती. चारचौघांत जाणत्या पुतणीला हात लावायचा नाही, हे काकांच्या अंगात मुरलेलं, आणि त्याचाच मी फायदा घेतला. कुणीतरी म्हणालं, "लय शिकली की असं हुतंय." म्हणू दे. आतून मला भयंकर भीती वाटत होती, काच चुकल्याची नव्हे, काका उतरण्याची. मी फोन करून बोलावलेला पंपाचा टँकर दुपारी आला, टाकी वरूनच उपसली, तेव्हा मी उठले. पाय पार बधिर झाले होते.

आजही काका पाहुण्यांना सांगतात, "टाकीत काय बी नव्हतं. हिनंच उगं तमाशा केला."

मी खोडून काढत नाही. सांगू देत. सांगायला ते आहेत.