हँडल तात्यांच्या हातात

झाड उतरवलं की सरपण मालक ठेवतो, जाड लाकूड वखारीत जातं. आमच्या वाट्याला किस्से उरतात, आणि ते मात्र ढिगानं साठतात.

आमची टोळी तिघांची. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, धंदा त्यांचा. झाडावर चढणार गफूरभाई. आणि मी, त्यांची पुतणी, बी.एस्सी. फिजिक्स. जड फांद्या दोरावर तोलून खाली घ्यायला विंच, म्हणजे हातानं फिरवायचा दोराचा रहाट, मीच आणायला लावला. पण त्याचं हँडल? "ते माझ्याकडं राहील," तात्या म्हणाले. दोन वर्षं मला हात लावू दिला नाही.

*

पहिलं काम तेरला. विंच झाडाच्या बुंध्याला बांधा म्हटलं, तर तात्यांनी टेम्पोला बांधला.

"हँडब्रेक तरी ओढा."

"टेम्पो कुठं पळून चाललाय?"

दोर वरच्या बेचक्यातल्या कप्पीतून घेतलेला, टोकाला चिंचेची फांदी. गफूरभाईंनी शेवटचा कट मारला. फांदी खाली निघाली आणि टेम्पो मागं मागं झाडाकडं! गफूरभाई वरून शांतपणे म्हणाले, "तात्या, टेम्पोकू बी ऊपर लेना क्या?"

*

तुळजापूरला एका निवृत्त गुरुजींच्या अंगणातला निंब. मी दोर मांडत होते.

"माणसं कधी येणार?" गुरुजींनी विचारलं.

"आलोय की."

"तसं न्हाय. काम सांगणारं कोण?"

गफूरभाई खोडाला टेकून बसले होते. म्हणाले, "गुरुजी, मैं बी उसीकी राह देखरा. वो बोली तो चढता."

*

तात्या वजन कानानं काढतात. कुऱ्हाड उलटी धरायची, फांदीवर दोन टोले द्यायचे, डोळे मिटायचे, आकडा सांगायचा. येरमाळ्याला म्हणाले, "चार क्विंटल."

मी टेपनं घेर आणि लांबी मोजली. "आठ आहे तात्या. दोर जाड घ्या."

"कागदावर लई वजन वाढतं गं."

भांडून दोर बदलून घेतला. वखारीतल्या काट्यावर भरली आठ क्विंटल दहा किलो. तात्या म्हणाले, "पाला ओला व्हता."

पाला आम्ही सकाळीच उतरवला होता.

*

आणि हे तेरखेड्याचं. फटाक्यांच्या शेडवर निंबाची फांदी झुकलेली. मालकानं माणसं बाहेर काढली होती, माल मात्र आतच. पेट्रोलची करवत आणायची नाही. हातकरवत चालवायची, आणि फांदी आधी उचलून, बाजूला फिरवून मगच खाली. पत्र्याला धक्का लागता कामा नये.

गफूरभाई वर चढले. तात्यांनी हँडल धरलं. शेडकडं पाहिलं, सोडलं, पुन्हा धरलं. मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं की मी पाहिलं.

"किती भरंल?" त्यांनी हळूच विचारलं. टोले न देता.

"सहाशे चाळीस किलो."

"मग धर."

मी हँडल धरलं. दोर ताणून घेतला, गफूरभाईंनी करवत पार केली, मग चक्राचा एकेक दात मोजत फिरवलं. फांदी वीतभर उचलली, तात्यांनी बाजूच्या दोरानं तिला शेडपासून लांब ओढलं, मी सोडत गेले. जमिनीवर टेकली तेव्हा पत्र्यावर एक पानसुद्धा पडलं नव्हतं.

मालक धावत आला. "तात्या, केवढी हो ही! वजन किती असंल?"

तात्यांनी कुऱ्हाड मागवली. उलटी धरून फांदीवर दोन टोले दिले. बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले.

"सहाशे चाळीस," म्हणाले.