नियम तुमचा, सून माझी

शालनकाकू गेल्याचा फोन नोईने केला. मी साताऱ्यात, शाळेत पेपर तपासत बसले होते. "ताई, आय गेली. दुपारची जेवली, जरा पडते म्हणली... उठलीच न्हाई. तुमी या. गाडी सावकाश हाणा." एवढं बोलून तिने फोन ठेवला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "माझी वहिनी." ही वहिनी थायलंडची आहे, पलूसचं मराठी बोलते, आणि जी गेली ती तिची सासू, म्हणजे माझी थोरली चुलती, हे सगळं उलगडून सांगायचं त्राण तेव्हा नव्हतं. त्या चुलतीने या सुनेपायी देशाच्या सरहद्दीशी भांडण मांडलं होतं. तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून आता लिहून सांगते.

काकू अंगाने बुटकी, पण आवाज चार बांध ओलांडून जाणारा. माझे चुलते फौजेतून सुटून आले आणि थोड्याच दिवसांत गेले, तेव्हा तिचा एकुलता विलास रांगत होता. भावकीने तिला समजावलं, ऊस लाव, पाणी सोडलं की झालं, बाईमाणसाला द्राक्षबाग झेपत नाही. तिने बागच लावली. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "झेपत न्हाई म्हणले म्हणून." बाग तिला खरोखर झेपत नव्हती, अशीही वर्षं आली. एका अवकाळीत घड काळे पडले, तेव्हा ती दिवसभर बागेत नुसती बसून होती, हे मी पाहिलं आहे. पण पुढच्या छाटणीला कात्री घेऊन सगळ्यांच्या आधी तीच उभी. माझे वडील, अण्णा, तिचे धाकटे दीर. त्यांचं आणि तिचं कधी फारसं जमलं नाही. दोघांनाही दुसऱ्याचं ऐकायची सवय नव्हती.

विलास गलाईच्या धंद्यात गेला. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं हे काम, त्यासाठी आमच्याकडची पोरं कुठे कुठे पांगलेली असतात. विलास पांगत पांगत बँकॉकला पोचला आणि एका चांदीच्या कारखान्यात भट्टीवर लागला. तिथे कायमचं राहायचे कागद त्याला कधी मिळाले नाहीत. मुदत संपत आली की व्हॅनमध्ये बसून कंबोडियाच्या सरहद्दीवर जायचं, बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, पलीकडे थोडं थांबायचं आणि आत येण्याचा शिक्का मारून परत फिरायचं. तो फोनवर सांगायचा, "आई, आज सरहद्दीला जाऊन आलो." काकूला ते अजब वाटायचं. "आरं, घरात ऱ्हायला दर खेपंला अंगणात जाऊन परत उंबरा वलांडायचा, ह्यो कसला कायदा?" तो हसायचा. म्हणायचा, आई, सगळ्या जगात असंच आहे.

तिथेच त्याचं नोईशी लग्न झालं. टाळेबंदीत तो तिकडेच अडकला, आणि विमानं पुन्हा सुरू झाल्यावर थोड्याच महिन्यांत मोटरसायकलच्या अपघातात गेला... काकूला त्याचं तोंडही पाहायला मिळालं नाही. त्या उन्हाळ्यात नोई एकटी त्याच्या अस्थी घेऊन पलूसला आली. पायात कापडी बूट, पाठीवर पिशवी आणि पोटाशी पांढऱ्या कापडात बांधलेलं मडकं. सून सासूला पहिल्यांदा भेटली ती अशी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. अस्थी कृष्णेत सोडून आल्यावर काकूने तिला ताट वाढलं आणि हाताने खूण करत विचारलं, "जेवतीस का?" नोई तिथे पहिल्यांदा रडली. खूप नंतर मी तिला कारण विचारलं. म्हणाली, "आमच्याकडं भेटलं की पयलं त्येच इचारत्यात, जेवलीस का. विलास गेल्यावर कुणी इचारलंच न्हवतं."

ती आठ-पंधरा दिवसांसाठी आली होती. पण शेतकऱ्याची लेक, हात बांधून बसवेना. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीची माणसं बागेत होती, ही कात्री घेऊन त्यांच्यात घुसली. तिच्या माहेरी भात, द्राक्षाची वेल तिने कधी पाहिली नव्हती, तरी बघून बघून शिकली. दोघी दिवसभर शेजारी शेजारी काम करायच्या, काकू मराठीत बोलायची, ती तिच्या भाषेत, आणि कुणाचं काही अडायचं नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, हिचं नाव काही नीट बोलता येत नाही, लक्ष्मी ठेवा. काकू म्हणाली, "एवढ्या लांबनं आलीया. नाव तरी ऱ्हाऊ द्या तिचं." अण्णांनी सरळच विचारलं, "वैनी, पोरगा गेला, लेकरू न्हाई. ही आता कुठल्या नात्यानं ऱ्हाणार?" काकू म्हणाली, "भावजी, तुमचा भाऊ गेल्यावर मी कुठल्या नात्यानं ऱ्हायले?"

नातं काकूने ठरवलं, पण मुक्काम सरकार ठरवत होतं. नोईचा व्हिसा पर्यटकाचा. सलग तीन महिने झाले की देशाबाहेर पडायचं, मग पुन्हा आत यायचं. तिकडचं लग्न इथल्या कागदावर आणायचं तर तिथले दाखले, त्यांचं भाषांतर, वकिलातीचे शिक्के, आणि हे सगळं करणारा विलासच राहिला नव्हता. सांगलीच्या वकिलांनी सांगितलं, वेळ लागेल, तोवर बाहेर जाऊन या. जवळची सरहद्द नेपाळची. काकूने विचारलं, "मला तिकडं जायला काय लागतं?" काही नाही, म्हटल्यावर लुगडं, चटणी आणि ज्वारीचं पीठ पिशवीत भरून ती तयार. "विलास एकटा जायचा. ही एकटी जाणार न्हाई." मिरजेला गाडी धरायची, पुण्याला बदलायची, गोरखपूरला उतरून बसने सरहद्द. जिने सांगली जिल्हा क्वचितच ओलांडला होता, ती बाई आषाढात नेपाळ बघून आली. आल्यावर मला म्हणाली, "काय न्हाई गं. एक कमान हाय. कमानीच्या अल्याड बी चहावाला, पल्याड बी चहावाला."

दसऱ्यानंतर पुन्हा जायची वेळ आली. ऐन फळछाटणीचे दिवस. काकू म्हणाली, चार दिवसांत येतो, आलो की छाटणी लावू. त्या खेपेला नोईला परत येताना अडवलं. वर्षात एकूण सहा महिन्यांहून जास्त राहता येत नाही, तेवढे संपले, आता नवीन वर्ष लागल्याशिवाय आत येता येणार नाही. नियम तसाच होता. आम्हालाच तो नीट ठाऊक नव्हता. काकूने अण्णांना फोन केला, "ही आत येत न्हाई. मग मीबी भाईरच ऱ्हाते." अण्णा संतापले. बाग छाटणीवाचून उभी, माल उशिरा धरला की सगळा हंगाम गेला. मला दिवाळीची सुट्टी लागली होती. म्हणाले, "जा आन तुझ्या चुलतीला घिऊन ये. ती पोरगी जाऊ दे तिच्या आईबाच्या देशाला."

मी गेले. कमानीपलीकडच्या त्या गावात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दोघी राहत होत्या. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत वाळत घातलेलं काकूचं नऊवारी. ज्वारीचं पीठ संपलं होतं. काकू मक्याच्या पिठाची भाकरी थापत होती आणि ती मोडते म्हणून पिठाला शिव्या देत होती. नोई खाली शिंप्याकडे काजं-बटणं करायला बसली होती. मी अण्णांचा निरोप सांगितला. काकूने भाकरी उलटली आणि म्हणाली, "खा आधी. सकाळी तुला दावते."

सकाळी ती मला कमानीतून अलीकडे घेऊन आली. इमिग्रेशनच्या ऑफिसात आम्हाला बघून तिथला तरुण अधिकारी उठूनच उभा राहिला. काकू रोज येत होती. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. "माताजी, नियम है. मैं क्या करूँ?" त्याच्या बोलण्यात वैताग नव्हता, लाजल्यासारखं काहीतरी होतं. काकू त्याच्यासमोर खुर्चीत बसली. फौजी नवऱ्याकडून शिकलेलं तिचं हिंदी तिने काढलं. "साब, मेरा लडका भी दुसरे के सरहद्दी पे ऐसाच खडा रहता था. उनका साब उसको आत लेता था. वो उधर परका था, तरी लेता था. मेरी सून ने उसकू अग्नी दिया, उसका मडका पोटपे बांध के लाया. अब तुम बोलता हाय वो पर्यटक हाय." काकू उठली, पदर खोचला. "नियम तुम्हारा हाय साब. सून मेरी हाय. तुम तुम्हारा नियम संभालो, मैं मेरी सून संभालती." आणि आम्ही पुन्हा कमानीतून पलीकडे आलो. मला आणि तिला कुणी कागद विचारला नाही. मध्येच थांबून ती म्हणाली, "बघ पोरी, मी ह्या नेपाळची न्हवं, तरी मला कुणी अडवत न्हाई. आन जिला घर हाय तिला घराकडं सोडत न्हाईत." मी तिला विचारलं, किती दिवस असं? ती म्हणाली, "वरीस सरतंच की. त्याला कुणी अडवलंय?"

त्या रात्री मी अण्णांना सांगितलं, काकू येत नाही. ते म्हणाले, "थंडी लय आसंल तिकडं. घोंगडं न्हेलंय का तिनं?" आणि मग, जरा रागानेच, "छाटणी उद्यापास्नं लावतो म्हणावं. कुठल्या वेलीला किती डोळं ठिवून काडी कापायची ते सांग म्हणावं." दुसऱ्या दिवशी काकू फोनवरून ओळीओळीने सांगत होती आणि अण्णा "व्हय, व्हय" म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदाच.

नवीन वर्ष लागल्यावर दोघी आल्या. त्या वर्षी द्राक्षं थोडी उशिरा निघाली, पण निघाली. मग वकिलांनी सांगितल्याप्रमाणे दाखल्यांसाठी नोईला तिच्या देशात जावं लागलं, एकटीला. गावाने पैजा लावल्या, आता काही ती परत येत नाही. काकूलाही धास्ती होती. एकदा बागेत मला म्हणाली, "न्हाई आली तरी तिचं चुकलं म्हणणार न्हाई मी. पर दार लावायची न्हाई." नोई आली. दाखले, त्यांचं भाषांतर, शिक्के, सगळं घेऊन, आणि सोबत काकूसाठी एक जाड शाल. वकिलांनी आणखी खटपट केली आणि तिला वर्षभराचा व्हिसा मिळाला. तो दर वर्षी वाढवायचा, पोलिसांत नोंद ठेवायची. कायमचं काही नाही. दर वर्षी सांगलीच्या ऑफिसात दोघी शेजारी शेजारी बसायच्या, आणि साहेबांनी नोईला काही विचारलं की उत्तर काकू द्यायची.

काकू गेली त्या दिवशी मी पलूसला पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. तिरडी बांधून झाली आणि कुजबूज सुरू झाली, अग्नी कोण देणार? भावकीतले एक जण मोठ्याने म्हणाले, "भावकीत पुतण्या हाय की. परदेशी बाईनं अग्नी द्यायचा, हे आपल्यात बसतं व्हय?" नोई काकूच्या उशाशी बसली होती, तिने मान वर केली नाही. अण्णा काठी टेकत पुढे आले. पाठीच्या दुखण्याने त्यांना सरळ उभं राहता येत नाही, तरी राहिले. म्हणाले, "तिचा ल्योक परमुलखात मेला, तवा त्याला अग्नी कुणी दिला? तुमी गेलता? मी गेलतो? हिनंच दिला न्हवं? मग त्याच्या आयला बी हीच दील." नोईने विस्तवाचं मडकं उचललं. आमच्या स्मशानात मी बाईला अग्नी देताना पहिल्यांदाच पाहिलं. तिचा पाय जागचा हलला नाही.

तेरावा झाल्यावरही मी अधूनमधून जाते. मागच्या रविवारी गेले तर सोप्यातल्या काकूच्या बाजेवर नोई मांडी घालून बसली होती, मांडीवर काकूची पानाची चंची. नोईची आजीही पान खायची म्हणे, तिकडेही जुन्या बायका खातात. समोर खुर्चीत पोलीस ठाण्यातला नवा हवालदार बसला होता, व्हिसा वाढवायच्या आधी चौकशीला आलेला. तो बिचारा अवघडून विचारत होता, आता सासूबाई नाहीत, तर तुम्ही इथे आणखी किती दिवस राहणार? नोईने अडकित्त्याने सुपारी कातरली, त्याच्या हातावर ठेवली.

"तुमी कुठलं?"

"मी जतचा."

"मग पलूसला किती दिस ऱ्हाणार?"

"बदली होईस्तोवर," तो हसत म्हणाला.

"माजी बदली हुत न्हाई," नोई म्हणाली आणि चंचीची दोरी ओढली. "लिवून घ्या तसं."