आबा, आता पोरीला आत सोडा

काउंटर बंद झाला होता. हैदराबादच्या विमानाला एक तास राहिला होता आणि बाहेर कडुनिंबाखाली वीस-बावीस माणसं निवांत बसलेली होती. मधोमध सुटकेसवर एक मुलगी. आपलं विमान चुकलंय हे तिला अजून माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण ते चुकवणारा मीच होतो.

विमानतळाचं नाव सांगत नाही. खानदेशातलं आहे आणि लहान आहे, एवढं पुरे. मी तिथला टर्मिनल मॅनेजर, चौधरी. विमान उडवणं माझं काम नाही. प्रवासी दारातून आत आल्यापासून विमानाच्या शिडीला हात लावेपर्यंत जे काही होईल, नळ गळेल, खुर्ची मोडेल, माणूस हरवेल, त्याचं खापर माझ्या डोक्यावर. यालाच वरचे लोक 'पॅसेंजर एक्स्पीरियन्स' म्हणतात.

आमची अडचण जगावेगळी होती. आमचे प्रवासी वेळेवर येतात. वेळेवर कसले, दोन-तीन तास आधीच येतात. पण आत येत नाहीत. आमच्याकडे एक माणूस विमानाने जाणार म्हणजे त्याला सोडायला जीप भरून घर येतं. काकू, मामा, शेजारचे, आणि ज्यांनी विमान जवळून पाहिलेलं नाही ते सगळे. डबे उघडतात. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा. घरात जो सर्वांत मोठा असतो, त्याने 'नीघ' म्हटल्याशिवाय जाणारा उठत नाही. आणि तो मोठा माणूस लवकर म्हणत नाही. एसटी सुरू झाल्याशिवाय लेकीला कोणी आत ढकलतं का? तोच हिशोब. पण विमानाचं तसं नसतं. उड्डाणाच्या तासभर आधी चेक-इनचा काउंटर बंद होतो, मग तुम्ही दारात उभे असा नाही तर धुळ्यात, सारखंच.

यावर मी उपाय केले नव्हते असं नाही. दाराशी मोठा फलक लावला. मराठी, हिंदी, इंग्रजीत सूचना लावल्या. स्वतः बोर्डिंग पास काढायचं टच-स्क्रीनचं मशीन मागवलं. हाउसकीपिंगची बादली सध्या त्यावर विसावते. आणि माझी सर्वांत लाडकी गोष्ट म्हणजे बाहेरचा सेल्फी पॉइंट. केळीचा पुरुषभर उंच घड, मागे सातपुडा रंगवलेला. मी रावेरकडचा, केळीची कल्पना माझीच. लोकांना तो फार आवडला. इतका, की आधी अर्धा तास उशीर व्हायचा तो पाऊण तास होऊ लागला.

अशात प्रज्ञा पगारे जॉइन झाली. वय सव्वीस-सत्तावीस. धुळ्याची, वडील एसटी डेपोत कंट्रोलर होते. पहिला आठवडा ती काहीच बोलली नाही, नुसती बाहेर जाऊन झाडाखाली बसायची. मला वाटलं, कामचुकार दिसते. दुसऱ्या आठवड्यात ती केबिनमध्ये आली.

"सर, आपण चुकीच्या माणसाला सांगतोय."

"म्हणजे?"

"आपण प्रवाशाला सांगतो, आत या. प्रवाशाच्या हातात काही नसतं. सांगायचं ते आबांना."

"कोणत्या आबांना?"

"प्रत्येक घोळक्यात एक असतात, सर. आबा, नाना, नाहीतर अक्का."

त्या दिवसापासून ती काउंटर बंद व्हायच्या अर्धा तास आधी बाहेर जायची. घोळक्यातलं सर्वांत म्हातारं माणूस हेरायची, त्याच्यापाशी उकिडवी बसायची आणि अहिराणीत सांगायची, "आबा, आते पोरले मझार सोडा. काचमधून दखाई ती तुमले." आता पोरीला आत सोडा, काचेतून दिसेल ती तुम्हाला. बस, एवढंच. आबा उठायचे, पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचे, 'नीघ' म्हणायचे. पोरगी आत.

काचेचंही तिनेच केलं. दर्शनी काचेवर मी 'सुस्वागतम्' असं भलंमोठं पोस्टर लावलं होतं. ते काढलं तर सिक्युरिटीपर्यंत माणूस दिसतो, असं तिचं म्हणणं. पोस्टर काढलं. माणूस दिसला. लोक काचेला नाक लावून हात हलवू लागले आणि काउंटरवरची भांडणं थांबली.

मला आनंद व्हायला हवा होता. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखायला लागलं. एकवीस वर्षांची नोकरी, चार विमानतळ पाहिलेले, दिल्लीचं ट्रेनिंग घेतलेलं. आणि ही कालची पोर झाडाखाली बसून प्रश्न सोडवते. बरं, सोडवते तर सोडवू दे, पण लोक नाव कोणाचं घेतात? अभिप्रायाच्या वहीत पानापानावर 'पगारे ताई'. मी वही मागून-मागून वाचायचो. एका पानावर माझा उल्लेख सापडला. 'जाड चष्म्याचे साहेब रागीट आहेत.'

त्यात अहिराणी मला येत नाही. समजते, पण बोलता येत नाही. आमच्या रावेर-यावलकडची बोली वेगळी. एकदा चोरून प्रयत्न केला. एका अक्काला म्हणालो, "मझार सोडा." ती हसून म्हणाली, "साहेब, तुम्ही मराठीत सांगा, समजतं आम्हाला." मी सरळ केबिनमध्ये येऊन दार लावून घेतलं.

मग रीजनल ऑफिसचे साहेब पाहणीला आले. मी त्यांना मशीन दाखवलं, केळीचा घड दाखवला. त्यांनी 'छान छान' केलं आणि बाहेर जाऊन प्रज्ञापाशी वीस मिनिटं उभे राहिले. जाताना मला म्हणाले, "चौधरी, ही मुलगी तुम्ही तयार केलीत का?"

"हो, सर," मी म्हणालो.

"तिला सांगा, हे सगळं लिहून पाठवायला. बाकीच्या विमानतळांना उपयोगी पडेल. हेड ऑफिसात तिलाच मांडू द्या."

तिलाच. तो शब्द माझ्या कानातून निघेना. रात्री जेवताना बायकोने विचारलं, भाजी खारट झालीये का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग तोंड असं का?

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाने दोन पानी प्रस्ताव आणून दिला. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "मॅडम, हे तुम्ही बाहेर जाऊन सांगता, ते तुमच्या ड्युटी चार्टमध्ये आहे का?"

"नाही, सर."

"सूचना कोणत्या भाषेत द्यायची याची परवानगी आहे?"

"नाही, सर. पण साहेब स्वतः…"

"साहेब तोंडी बोलले. लेखी मंजुरी येईपर्यंत बंद ठेवा. उद्या काही झालं तर उत्तर मला द्यावं लागतं."

ती "ठीक आहे, सर" म्हणाली. प्रस्ताव मी ट्रेमध्ये ठेवला, सर्वांत खाली. आणि एअरलाइनच्या स्टेशन मॅनेजरला, शेखला, एक कडक पत्रही धाडलं की यापुढे काउंटर एक मिनिटही उशिरा चालू दिसता कामा नये. म्हटलं, बघू, हिच्यावाचून काय अडतं.

पाच दिवस काही अडलं नाही. थोडी वादावादी झाली, तेवढी आधीही व्हायची. सहाव्या दिवशी हे कडुनिंबाखालचे, शिरपूरकडचे लोक आले.

काउंटर बंद झाल्यावर मी सहज काचेशी गेलो, तर सुटकेसवरची मुलगी अजून बाहेर. मी बाहेर आलो. टोपीवाले एक म्हातारे उठून माझ्याकडे आले. हेच आबा, मुलीचे आजोबा.

"भाऊ, ती पोर आज काबर नही उनी?" ते म्हणाले. "आम्ही तिन्हीच वाट दखी राहिनूत."

ती का आली नाही, तिचीच वाट बघतोय, एवढं समजलं; पण कोणती पोर, ते मला आधी कळेना. मग शेजारच्या माणसाने, मुलीच्या काकाने, मराठीत समजावलं. त्यांच्या गावातला एकजण मागच्या महिन्यात इथून गेला होता. त्याने गावात सांगून ठेवलं होतं, तिथे काही काळजी नाही, आत कधी जायचं ते एक ताई येऊन सांगते, ती येईपर्यंत निवांत बसा. म्हणून हे बसले होते. फलक कोणी वाचला नव्हता, कारण वाचायची गरजच नव्हती. ताई येणार होती.

मुलगी पुढे आली. तिचं नाव दीपाली. नर्सिंग केलेली, हैदराबादच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर व्हायचं. नेमणूकपत्रात लिहिलेलं होतं की त्या दिवशी हजर न झाल्यास पुढच्या उमेदवाराला बोलावलं जाईल. आणि आमच्याकडून पुढचं विमान परवा.

मी धावत शेखकडे गेलो. "एक पॅसेंजर आहे, घे."

"सर, लोड शीट गेली." लोड शीट म्हणजे विमानात किती वजन आणि कुठे बसलंय याचा कागद. विमान लहान असलं की त्यावर फार अवलंबून असतं. तो कागद पायलटकडे गेला की एक माणूस वाढवायचा तर सगळं पुन्हा.

"पुन्हा कर."

"सर," शेखने ड्रॉवरमधून माझंच पत्र काढून टेबलावर ठेवलं. "एक मिनिटही नाही म्हणालात."

मी बाहेर आलो. तोवर प्रज्ञाला कळलं होतं, ती आबांपाशी उभी होती. आबांनी तिला ओळखलं नव्हतं, पण तिची अहिराणी ऐकली आणि त्यांचा चेहरा बदलला. "तूच शे का ती? मंग उनी काबर नही, माय?"

मी शेजारीच उभा. खाई त्याला खवखवे. प्रज्ञा आता माझं नाव सांगणार, आणि सांगू दे, असंही वाटलं. ती म्हणाली, "आबा, मन्ही चूक झायी." माझी चूक झाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

इतका राग मला कधी आला नव्हता. आधी लोक तिला चांगलं म्हणायचे, ते मी सहन करत होतो. आता ती खरंच माझ्यापेक्षा चांगली आहे हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि त्यावर लेखी परवानगी मागता येत नव्हती. मी तोंड उघडलं. "आबा, तिची चूक नाही. मी तिला मनाई केली होती." आबांनी मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "काबर?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देता येण्यासारखं नव्हतं.

पुढचं काम प्रज्ञाने मार्गी लावलं. छत्रपती संभाजीनगरहून संध्याकाळी हैदराबादला विमान होतं. जीपने गेलं तर वेळेत पोचता आलं असतं. तिकीट मी माझ्या कार्डावरून काढलं. त्यात मोठेपणा नव्हता, भीती होती. अख्खी जीप निघाली, एकही माणूस उतरायला तयार नाही. प्रज्ञाने आबांचा मोबाइल नंबर घेतला.

संध्याकाळी मी घरी गेलो नाही. ती टेबलाशी घड्याळ बघत बसली होती, मी समोर. पाचच्या सुमारास तिने फोन लावला, स्पीकरवर. आवाजावरून ते पोचले होते, डबे उघडलेले होते.

"आबा," ती म्हणाली, "आते पोरले मझार सोडा."

पलीकडे थोडा गोंधळ, कोणीतरी रडल्याचा आवाज, मग आबांचं "नीघ, माय" ऐकू आलं. दीपाली दुसऱ्या दिवशी पावणेनऊला हजर झाली. तसा मेसेज आला, अर्थात प्रज्ञाला.

मला घटनेचा रिपोर्ट लिहायचा होता. पहिला मसुदा लिहिला, 'प्रवासी विलंबाने आल्यामुळे'. वाचून पाहिला. मुलगी तीन तास आधी आलेली होती. फाडला. दुसऱ्यात लिहिलं की बाहेर दिली जाणारी सूचना माझ्या तोंडी आदेशाने बंद होती आणि त्याला नियमाचं कारण दिलं असलं तरी नियमाने ती बंद करणं भाग नव्हतं. सोबत ट्रेच्या तळातला प्रस्ताव जोडला.

मला मेमो आला, तो यायलाच हवा होता. प्रज्ञाला हेड ऑफिसचं बोलावणं आलं आणि दोन महिन्यांनी मोठ्या विमानतळावर बदली. निरोपाला मी पेढे आणले. तिच्याबद्दल दोन शब्द बोला, असं सगळे म्हणाले, तर मला खरंच दोनच सुचले.

या धंद्यात मी एवढं शिकलो की चांगल्या कामाला नाही म्हणता येत नसेल, तर माणूस त्याला लेखी परवानगी मागतो. माझ्या ट्रेमध्ये आता कागद राहत नाहीत, कारण तळाशी काय ठेवावंसं वाटतं ते मला माहीत आहे.

तिच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. त्यामुळे काउंटर बंद व्हायच्या अर्धा तास आधी मीच बाहेर जातो. आबांपाशी बसतो, गुडघे कुरकुरतात. मोडक्यातोडक्या अहिराणीत सांगतो, पोरीला आत सोडा. ते ऐकतात, उठतात, पोरगी आत जाते. मग बहुतेक वेळा त्यांच्यातलं कोणीतरी माझ्याकडे नीट बघून विचारतं, "साहेब, ती ताई कोठे गयी?"

बदली झाली, मोठ्या जागी गेली, असं मी सांगतो. अजूनही पोटात दुखतं. पण सांगतो.